गाव माहीत नाही

रोमन साम्राज्यातली, सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीची, अख्खी, कुठंही न फुटलेली अत्तराची काचेची बाटली आज कितीला मिळत असेल? ऑफिसात जेवताना मी हा प्रश्न पाचसहा जणांना विचारला. सगळ्यात कमी अंदाज चार लाखांचा आला. खरं उत्तर असं, की साधी, वीतभरापेक्षा लहान बाटली परदेशातल्या लिलावात साधारण शंभर ते तीनशे डॉलरला जाते. म्हणजे तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याच्या आसपास, किंवा त्याहून स्वस्तच.

हा प्रश्न माझ्या डोक्यात काकूमुळे आला. कल्याणला पारनाक्याजवळची काकांची इमारत पुनर्विकासाला गेली. काकू दोनेक वर्षांसाठी भाड्याच्या घरात जाणार, आणि तिथं काकांचं कपाट मावणार नव्हतं. काका जाऊन तीन वर्षं झाली. आयुष्यभर अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या वस्तू गोळा करणं, एवढेच त्यांचे दोन उद्योग. शिवराया, ढब्बू पैसे, अडकित्ते, सुरमादाण्या, बिनकुलपाच्या किल्ल्या. पुण्याला कुणाच्या लग्नाला गेले, तरी मंगलाष्टकं संपली की हे केळकर संग्रहालयात. "तू डोंबिवलीहून ये आणि ऑनलाइन बघून काय ते सांग," असा काकूचा फोन आला. घरात इंजिनियर असला, की प्रिंटरपासून पुराणवस्तूंपर्यंत सगळं त्याच्याकडे येतं.

कपाटात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात अरबी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली बाटली. लांब मान, खाली चपटं बसकं बूड, रंग निळसर हिरवा. उजेडाकडे धरली, की पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात तसे जांभळे, सोनेरी, मोरपंखी रंग. काकूनं आधी नाकाशी नेली, "मातीचाच वास येतोय," म्हणाली आणि ती साबणानं धुवायला निघाली. "काकू, थांब!" मी ओरडलोच.

ते रंग म्हणजे मळ नाही, आणि कारागिरानं चढवलेला मुलामाही नाही. काच जमिनीत शेकडो वर्षं ओलाव्यात राहिली, की तिच्यातला क्षार हळूहळू निघून जातो आणि वर सिलिकाचे अतिशय पातळ पापुद्रे उरतात. त्या पापुद्र्यांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसतात. बाटली नवी असताना तिच्यावर हे काहीच नव्हतं. आज ज्यासाठी लोक पैसे मोजतात, ते तिच्या कुजण्याचं सौंदर्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या टिफनीनं हेच रंग नव्या काचेत मुद्दाम आणले आणि त्यावर नाव कमावलं.

मुळात ही वस्तू गरिबांना परवडावी म्हणूनच इतकी झाली. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात, सीरिया-पॅलेस्टाईनच्या पट्ट्यात कुणाला तरी सुचलं, की वितळलेल्या काचेचा गोळा नळीच्या टोकाला घेऊन फुंकता येतो. तोवर काचेचं भांडं साच्यात किंवा मातीच्या गाभ्याभोवती घडवावं लागे. वेळ जाई, माल महाग पडे. फुंकायला लागल्यावर एक कारागीर दिवसभरात ढीग घालू लागला. स्ट्रॅबो हा भूगोलकार त्याच सुमारास लिहितो, की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो. अत्तराच्या, औषधी तेलाच्या बाटल्या तर आणखी साध्या. आपल्याकडे किराणा दुकानात दोरीला लटकणारी शाम्पूची पुडी असते ना, तिचा तो रोमन अवतार म्हणा.

पण या शाम्पूच्या पुडीला काळजी मात्र जास्त लागते. मी ती परत कागदात ठेवली आणि काकांची वही काढली.

काकांची शंभर पानी वही हे त्या कपाटातलं खरं वैभव. प्रत्येक वस्तूला नंबर, तारीख, कुठं मिळाली, कुणाकडून, किती पैसे दिले. "शिवराई. जुन्नर, आठवडी बाजार. ८ रु." "अडकित्ता. म्हशाची जत्रा. दांडी मोडकी, तरी घेतला." "सुरमादाणी. भिवंडी. म्हातारीच्या आईची होती म्हणे." या नोंदी वाचताना काका बसमध्ये खिडकीशी बसलेले दिसतात. बाटलीची नोंद मार्च १९८७ ची आहे. कारखान्यातला एक फिटर कुवेतला गेला होता. काकांचं वेड त्याला माहीत होतं, म्हणून सुट्टीवर येताना घेऊन आला आणि पैसे घेतले नाहीत. काकांनी लिहिलंय : "काचेची बाटली. रोमन म्हणतात. कुवेतहून. गाव माहीत नाही."

संपूर्ण वहीत "गाव माहीत नाही" एवढ्याच ठिकाणी आलंय.

आधी मला ते काकांचं टिपिकल वाटलं, आमच्याकडे माणसालाही पहिला प्रश्न "गाव कुठलं?" असाच असतो. मग महिनाभर मी या बाटल्यांबद्दल मिळेल ते वाचत राहिलो, आणि ते तीन शब्द डोक्यातून जाईनात.

त्याला कारण आहे. विक्रेते या बाटल्यांना अजूनही "अश्रुपात्र" म्हणतात. कुणी गेलं, की नातेवाईक आपले अश्रू यात भरून थडग्यात ठेवत, अशी हळवी गोष्ट सोबत येते. ती गोष्ट खोटी आहे. अशा बाटल्यांच्या तळाशी जे अवशेष सापडलेत ते तेलाचे, चरबीचे, सौंदर्यप्रसाधनांचे. अश्रूंची कल्पना युरोपातल्या नंतरच्या लोकांनी चिकटवली. पण त्या गोष्टीतला अर्धा भाग खरा आहे, तो म्हणजे थडगं. विचार करा : घरात वापरली जाणारी इतकी पातळ काच दोन हजार वर्षं टिकेल का? ती फुटणार, आणि फुटलेली काच भंगारात जाऊन पुन्हा भट्टीत वितळणार. रोमन लोक भंगार काच व्यवस्थित गोळा करत. अख्खी उरली ती बहुतेक मेलेल्या माणसाशेजारी ठेवलेली बाटली. म्हणजे लिलावाच्या यादीत जेव्हा "उत्तम स्थितीत, एकही तडा नाही" असं लिहिलेलं असतं, तेव्हा ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी थडग्यातून आलेली असते.

ते थडगं कुणी उघडलं, यावर सगळं अवलंबून. पुरातत्त्वज्ञानं उघडलं, तर हाडांवरून वय कळतं, शेजारच्या नाण्यावरून काळ कळतो, बाटली डोक्याशी होती की हाताशी हे नोंदलं जातं. रात्री फावडं घेऊन आलेल्या माणसानं उघडलं, तर बाटली खिशात आणि बाकीचं सगळं उलथंपालथं. सीरियातल्या अपामिया या रोमनकालीन शहराचे २०११ आणि २०१२ चे उपग्रहावरून घेतलेले फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. युद्ध सुरू झाल्यावर काही महिन्यांत सगळ्या जमिनीवर हजारो खड्डे, देवी आलेल्या चेहऱ्यासारखे. लेबननमध्ये १९७५ ते १९९० अशी यादवी चालली, तेव्हाही तिथल्या कबरींतून वस्तू बाहेर गेल्या. आमची बाटली १९८७ ला कुवेतच्या बाजारात कुठून आली असेल, हे मी काकूला सांगितलं नाही. तिनंच वहीतली तारीख बघून विचारलं, "तेव्हा तिकडं लढाई होती ना रे?"

आता इथं कल्याण येतं.

इसवीसनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर, इजिप्तमधल्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक माहितीपुस्तिका लिहिली, 'पेरिप्लस'. तिच्या बावन्नाव्या प्रकरणात सोपारा आहे, आणि कल्लिएन आहे. कल्लिएन म्हणजे आपलं कल्याण. थोरल्या सारागनच्या काळात हे कायदेशीर व्यापाराचं बंदर झालं; पण सांदनेसच्या हाती गेल्यापासून तिथं फार अडथळे आहेत, ग्रीक जहाज चुकून लागलंच तर पहारा बसवून भडोचला नेतात, असं तो लिहितो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात कल्याणचं बंदर अडकलं होतं, एवढं त्यातून कळतं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत. कल्याणच्या एका सोनारानं तिथं पाण्याची पोढी दिल्याचं कोरलंय. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा प्रवासी लिहितो, की कल्लियानातून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड जातं. पाच-साडेपाच शतकं परक्या लोकांच्या कागदावर राहिलेलं हे नाव आता रोज सकाळी साडेआठच्या फास्टच्या इंडिकेटरवर लागतं. दुर्गाडीखालून खाडी अजून वाहते, पण त्या जुन्या बंदरावर आज दाट वस्ती आहे. खणायचं कुठं? आमच्या काकूच्या इमारतीच्या पायासाठी जेसीबी खणेल तेवढंच.

पेरिप्लसमधली आयात-निर्यातीची यादी मी दोनतीनदा वाचली, आणि त्यात काकांच्या बाटलीची अर्धी गोष्ट सापडली. भडोचला येणाऱ्या मालात दारू आहे, तांबं, कथील, शिसं, पोवळं आहे, आणि कच्ची काच आहे. बाटल्या नव्हेत, कच्ची काच. इजिप्त आणि सीरियाच्या किनाऱ्यावर वाळू आणि नेट्रॉन हा क्षार वितळवून काचेचे मोठे लोट करत आणि फोडून त्यांचे तुकडे जहाजात भरत. आपल्याकडचे कारागीर त्यांचं काय करत असतील? मणी. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीपासून सातवाहनकालीन ठिकाणी काचेचे मणी भरपूर सापडतात. मोरेश्वर दीक्षितांनी भारतीय काचेच्या इतिहासावर १९६९ साली आख्खं पुस्तक लिहिलं, त्याचा मोठा आधार हे असले मणी आणि बांगड्यांचे तुकडे. आता तर काचेतल्या ॲल्युमिना, मॅग्नेशियमच्या प्रमाणावरून कुठला मणी इथल्या काचेचा आणि कुठला भूमध्य समुद्राकडच्या, हे बऱ्यापैकी सांगता येतं. गंमत म्हणजे प्लिनी हा रोमन लेखक म्हणतो, की भारतातली काच स्फटिकाच्या तुकड्यांपासून करतात, म्हणून तिच्या तोडीची काच नाही. दोन्हीकडच्यांना दुसऱ्याची काच भारी वाटत होती.

आणि अत्तर? तेही यादीत आहे. भडोचच्या बाजारासाठी येणारं सुगंधी तेल "फार किमती नाही, आणि फारसं नाहीही", अशा अर्थाचं वाक्य आहे. त्याच यादीत राजासाठी आणायच्या वस्तू वेगळ्या आहेत : चांदीची भांडी, गाणारी मुलं, जनानखान्यासाठी सुंदर मुली, उत्तम दारू, आणि निवडक सुगंधी तेल. बाजाराला साधं, दरबाराला भारी. या एका परिच्छेदात माणसांची विक्री आणि अत्तर शेजारी शेजारी बसलंय, आणि लिहिणाऱ्याच्या भुवईलाही आठी नाही.

आपल्याकडून तिकडं काय जाई? जटामांसी. हिमालयातल्या या झुडपाचं मूळ उज्जैनमार्गे भडोचला येऊन जहाजात चढे. रोमन त्याला नार्द म्हणत, आणि त्यांच्या सगळ्यात महाग अत्तरांत ते पडे. प्लिनीनं जटामांसीचा भाव रोमन पौंडाला शंभर दिनार दिलाय. पौंड म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, आणि साध्या रोमन सैनिकाला वर्षाला पगार त्या सुमारास सव्वादोनशे दिनार. त्याच प्लिनीची कुरकूर प्रसिद्ध आहे, की भारत दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. अत्तरावर तर तो फारच चिडलेला. रत्नं निदान वारसाला जातात, कपडे काही दिवस टिकतात, अत्तर लावलं की उडून जातं, आणि लावणाऱ्याला स्वतःला वासही येत नाही, हा त्याचा मुद्दा.

मी कल्याणच्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानातून जटामांसी आणली. पुडीत तांबूस केसाळ मुळं. वास ओल्या मातीचा, लाकडाचा, थोडा शेळीच्या गोठ्याचा. "ही तर आमच्या आईच्या केसांच्या तेलात असायची," काकू म्हणाली आणि पुडी ठेवून घेतली. जटामांसीचं रान आता इतकं कमी झालंय, की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

म्हणजे चित्र असं. काकूच्या डब्यात रोमन बाटली आहे, पण तिला गाव नाही. आणि जिथं ती ठेवली होती त्या गावाचं नाव रोमन काळच्या पुस्तकात आहे, पण बाटली इथली नाही. या दोन्हींचा संबंध जोडायचा मोह मला फार झाला. कल्याणच्या जुन्या बंदरात आलेली रोमन अत्तराची बाटली, अशी काय भारी पोस्ट झाली असती! वहीत "कुवेतहून" लिहिलं नसतं, तर पुढच्या पिढीत कुणीतरी ती गोष्ट खरी म्हणून सांगितलीही असती.

गोळा करणं वाईट, असं मला म्हणायचं नाही. धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, पेरिप्लसमधलं तगर. तिथल्या शेतात, पांढरीच्या टेकाडांवर पावसाळ्यानंतर जुन्या वस्तू वर येत. गावातले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे त्या जमवत राहिले. त्यांचा संग्रह आता तेरमध्येच सरकारी संग्रहालय म्हणून उभा आहे. त्यात एक छोटी हस्तिदंती स्त्री आहे, आणि तिच्यासारखी दुसरी १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत सापडली, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या शहरात. तेरची बाई तेरमध्ये सापडली हे माहीत आहे, म्हणून पाँपेईच्या बाईशी तिचं नातं लागतं. हीच मूर्ती एखाद्या लिलावात "हस्तिदंत, भारतीय, पहिले शतक" एवढ्या लेबलवर आली असती, तर ती फक्त देखणी असती.

काकूचा प्रश्न मात्र साधा होता : विकली तर किती येतील? नव्या घराचं भाडं बिल्डर देणार होता, पण डिपॉझिट, सामान हलवणं, सगळ्याला पैसे लागतात. शेजाऱ्यांनी "लाखोंची वस्तू आहे" असं सांगून ठेवलेलं. मी तिला शंभर ते तीनशे डॉलरचा आकडा सांगितला तेव्हा तिचा चेहरा उतरला. शिवाय तोही भाव परदेशातला, आणि १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू मुळात बाहेरून आलेली असली, तरी एकदा इथं आली की ती इथलीच.

तरी मी चौकशी केली. एका विक्रेत्यानं व्हॉट्सॲपवर फोटो मागवले, बाटली बघून पसंती कळवली आणि म्हणाला, बाहेर कशी जाईल ते आमच्यावर सोडा, फक्त कागद नीट हवा. नीट म्हणजे? "१९६५ साली घेतली असं तुमच्या काकूंनी लिहून द्यायचं. जुना कागद आम्ही देऊ." १९६५ च का, तर १९७० साली युनेस्कोचा पुराणवस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा करार झाला, आणि बरेच मोठे खरेदीदार त्याआधीचा पुरावा मागतात. त्या वर्षाच्या अलीकडची वस्तू कुणी विचारत नाही, पलीकडची चालते. म्हणून बाजारात "जुना युरोपीय संग्रह, १९६० चं दशक" असं लेबल लावलेल्या वस्तूंचा सुकाळ आहे. सगळी लेबलं खोटी नसतात. पण तशी लेबलं कशी बनतात ते मी त्या दिवशी चॅटमध्ये वाचलं. त्यानं देऊ केलेली रक्कम पंचवीस हजार होती.

मी चॅट काकूला वाचून दाखवलं, काहीही न बोलता. पैसे तिचे होते, ठरवायचं तिनं. काकूनं चष्मा लावून वहीतलं ते पान परत काढलं.

"यांच्या अक्षरात सत्याऐंशी लिहिलंय," ती म्हणाली. "मी पासष्ट कशाला लिहू? पासष्टला हे नववीत होते."

मग चहा टाकायला उठली.

सामान हलवलं त्याला आता चार महिने झाले. नाणी आणि अडकित्ते एका शाळेच्या छोट्या संग्रहाला द्यायचं चाललंय, वहीच्या झेरॉक्ससकट. बाटली माझ्याकडे आहे, डोंबिवलीत, आईच्या साड्यांच्या कपाटात, कारण घरात सगळ्यात कमी उघडझाप त्याच कपाटाची होते. पण मी जास्त जपतो तो ती गुंडाळलेला कागद. काकांनी तोही टाकला नव्हता. फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून बघितलं : कुवेतचं वर्तमानपत्र, १९८६ चा नोव्हेंबर, एका बाजूला फुटबॉलच्या बातम्या, दुसऱ्या बाजूला एअर कंडिशनरची जाहिरात. कोपऱ्यात पेन्सिलनं अरबी आकड्यांत लिहिलेली किंमत आहे, बहुधा दुकानदाराची. त्याच्याखाली एक शब्द आहे, अर्धा पुसलेला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला अरबी वाचता येतं, त्याला दाखवला. त्याचं म्हणणं, पहिलं अक्षर 'स्वाद' असावं. मग तो सूर असेल, म्हणजे लेबननमधलं टायर, किंवा सैदा, किंवा नुसतं दुकानदाराचं नाव. चांगल्या उजेडात काढलेले फोटो त्यानं मागितलेत. रविवारी गच्चीत जाऊन काढतो.